गणित ऑलिंपियाड: पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

शाळा सुरू झाल्या की ऑलिंपियाडची चौकशी सुरू होते, आणि निम्म्याहून जास्त गोंधळ नावाचाच असतो. म्हणून पहिला प्रश्न तोच घेतला आहे. बाकीचे प्रश्न हवे त्या क्रमाने वाचा.

शाळेतून फॉर्म भरून घेतात ती ऑलिंपियाड आणि आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड (आयएमओ) एकच का?

नाही. शाळेत पहिली-दुसरीपासून ज्या ‘ऑलिंपियाड’ परीक्षा होतात, त्या खासगी संस्था घेतात. पर्यायी उत्तरांचे प्रश्न, शाळेतच पेपर, नंतर मेडल आणि सर्टिफिकेट असा तो प्रकार असतो. त्यातल्या काहींच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ असतं आणि आद्याक्षरंही तीच होतात. मुलाला आवड म्हणून बसू द्यायला काहीच हरकत नाही. पण तिथे कितीही वरचा नंबर आला तरी त्या वाटेने कुणी भारताच्या संघात जात नाही. संघात जायची वाट एकच आहे, ती आठवीपासून सुरू होते, आणि तिचा त्या परीक्षांशी संबंध नाही. घरी लावलेल्या मेडलांची माळ बघून ‘आमचा ऑलिंपियाडमध्ये आहे’ असं सांगणारे पालक भेटतात. त्यांचा हिरमोड करायला जिवावर येतं, पण सांगावं लागतं.

मग खरी आयएमओ म्हणजे काय?

शाळकरी मुलांसाठीची, देशांच्या संघांमध्ये होणारी सगळ्यात जुनी विज्ञानविषयक ऑलिंपियाड. पहिली १९५९ मध्ये रुमानियात झाली, तेव्हा सातच देश होते आणि सगळे पूर्व युरोपातले. मधलं १९८० चं वर्ष सोडलं तर दरवर्षी होते. आता शंभरच्या वर देश येतात. एका देशाची जास्तीत जास्त सहा मुलं. वय वीसच्या आत आणि अजून विद्यापीठात प्रवेश न घेतलेली.

पेपर दोन दिवस. रोज साडेचार तास आणि तीनच प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला ७ गुण, म्हणजे एकूण ४२. साधारण निम्म्या मुलांना पदक मिळतं, आणि सुवर्ण, रौप्य, कांस्य यांचं प्रमाण १:२:३ च्या आसपास ठेवतात. पदक हुकलं पण एखादा प्रश्न पूर्ण सातच्या सात सुटला, तर ‘सन्माननीय उल्लेख’ मिळतो. ही खरं तर वैयक्तिक स्पर्धा आहे. देशांची क्रमवारी लोक बेरीज करून लावतात, ती अधिकृत नसते. बातम्या मात्र तिच्याच होतात.

भारत १९८९ पासून जातो. १९९६ ची आयएमओ तर मुंबईतच झाली: ७५ देश, ४२४ मुलं. त्या वर्षी ४२ पैकी ४२ एकालाच पडले, रुमानियाच्या चिप्रियान मानोलेस्कूला. पुढे तो नामवंत गणिती झाला. भारताची आतापर्यंतची सगळ्यात चांगली कामगिरी २०२४ ची, इंग्लंडमधल्या बाथ इथली: चार सुवर्ण, एक रौप्य, एक सन्माननीय उल्लेख, आणि चौथा क्रमांक.

भारताच्या संघात निवड कशी होते?

चार पायऱ्या आहेत.

पहिली आयओक्यूएम, म्हणजे इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स. गणित शिक्षकांची अखिल भारतीय संघटना ती घेते. पेपर सप्टेंबरच्या सुरुवातीला असतो आणि आठवी ते बारावीची मुलं बसू शकतात. नोंदणी त्याआधी साधारण दोनेक महिने सुरू होते. शाळा कळवेल म्हणून वाट बघत बसू नका, बऱ्याच शाळांच्या गावीही नसतं.

दुसरी आरएमओ, म्हणजे प्रादेशिक फेरी. तीन तास, सहा प्रश्न, सगळ्यांची उत्तरं सविस्तर लिहायची. प्रदेशवार निवड होत असल्याने मुंबई आणि आसपासचा भाग वेगळा धरतात. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरा प्रदेश. बारावीच्या मुलांसाठी जागा कमी असतात, म्हणून ‘अकरावीत बघू, बारावीत बघू’ करण्यात अर्थ नाही.

तिसरी आयएनएमओ, म्हणजे राष्ट्रीय फेरी, जानेवारीत. सहा प्रश्न, साडेचार तास. इथून मोजकी मुलं उन्हाळ्यातल्या प्रशिक्षण शिबिराला बोलावतात. हे शिबिर बरीच वर्षं मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होत असे, अलीकडे चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्येही झालं आहे. शिबिर हीच चौथी पायरी: तिथल्या निवड चाचण्यांतून सहा जण निघतात, आणि जुलैत आयएमओ. संघाचा प्रवासखर्च सरकार करतं.

आयओक्यूएमचा पेपर कसा असतो?

तीन तास, तीस प्रश्न, शंभर गुण. दहा प्रश्न दोन गुणांचे, दहा तीनचे, दहा पाचचे. पर्याय नसतात. प्रत्येकाचं उत्तर ० ते ९९ मधली पूर्ण संख्या, आणि ती ओएमआरवर, म्हणजे गोळे काळे करायच्या उत्तरपत्रिकेवर, दोन अंकांत भरायची. उत्तर ७ आलं तर ०७ असं, म्हणजे दशकाच्या रांगेत शून्यही काळं करायचं. पहिल्यांदा बसणारी मुलं हे शून्य विसरतात, म्हणून सरावाच्या वेळी एक-दोनदा ओएमआर छापून त्यावर खरोखर गोळे भरायला लावा.

तीसच्या तीस सोडवायची धडपड करायची नसते. पाच गुणांच्या दहा प्रश्नांतले काही आयएनएमओच्या तोडीचे वाटतील असे असतात. निम्म्या पेपरात अचूक राहिलेलं मूल, सगळीकडे हात मारणाऱ्यापेक्षा पुढे जातं.

पुढच्या फेऱ्यांत ‘सविस्तर उत्तर’ म्हणजे नक्की काय अपेक्षित असतं?

इथेच सगळ्यात जास्त मुलं अडतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. १९५९ च्या पहिल्या आयएमओचा पहिला प्रश्न घ्या: न ही कोणतीही नैसर्गिक संख्या असली तरी (२१न + ४) / (१४न + ३) या अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देता येत नाही, हे सिद्ध करा.

बहुतेक मुलं आधी किमती घालून बघतात. न = १ घेतलं तर २५/१७, न = २ ला ४६/३१, न = ३ ला ६७/४५. कुठेच काही कटत नाही. मग वहीत येतं, ‘अशा प्रकारे सर्व किमतींसाठी खरे आहे’. या उत्तराला गुण शून्य. तीन किमतींना खरं ठरलं म्हणजे तीन किमतींनाच खरं ठरलं.

आता हे बघा. समजा, एखादी संख्या द अंशालाही भागते आणि छेदालाही. मग ती अंशाच्या दुपटीला, म्हणजे ४२न + ८ ला भागते. छेदाच्या तिपटीला, म्हणजे ४२न + ९ लाही भागते. म्हणजे या दोहोंच्या वजाबाकीलाही भागायलाच हवी. वजाबाकी आहे १. म्हणून द = १. झालं.

तीन ओळींची सिद्धता, आणि आठवीच्या मुलाला न कळावं असं तिच्यात काही नाही. अवघड आहे ते ‘दुप्पट आणि तिप्पट घेऊन न ही संख्या घालवून टाकावी’ हे सुचणं, आणि सुचल्यावर एकही फट न ठेवता लिहिणं. दुसरी गोष्ट सुचण्याइतकीच महत्त्वाची आहे, पण आपल्याकडे तिचा सराव कुणी देत नाही. बोर्डाच्या पेपरात ठरलेल्या पायऱ्यांना गुण असतात. इथे युक्तिवाद पूर्ण आहे का, एवढंच बघतात. पद्धत कुठली वापरली याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. उलट वेगळी वाट काढली तर तपासणारे खूश होतात.

घरी करण्यासारखा एकच उपाय सांगतो. मुलाने सोडवलेलं उत्तर दुसऱ्या मुलाला वाचायला द्या आणि लिहिणाऱ्याला तोंड उघडू देऊ नका. वाचणारा जिथे ‘हे कुठून आलं?’ म्हणेल, तिथे गुण जाणार आहेत.

आयएमओचे प्रश्न खरंच इतके अवघड असतात?

पहिला आणि चौथा त्यातल्या त्यात सोपे, दुसरा आणि पाचवा मध्यम, तिसरा आणि सहावा जीवघेणे. ‘सोपे’ हा शब्द तिथे पोचलेल्या मुलांच्या मानाने.

१९८८ च्या कॅनबेरातल्या आयएमओचा सहावा प्रश्न दंतकथेसारखा सांगितला जातो. अ आणि ब धन पूर्णांक आहेत, आणि अब + १ ने अ² + ब² ला निःशेष भाग जातो. तर तो भागाकार पूर्ण वर्गसंख्याच असतो, हे सिद्ध करा. प्रश्न एका ओळीचा आणि दिसायला गरीब. यजमान ऑस्ट्रेलियाच्या समितीला तो सुटला नव्हता. स्पर्धेत मात्र अकरा मुलांनी पूर्ण सोडवला. त्या वर्षी सुवर्ण मिळवणाऱ्या टेरेन्स ताओला या प्रश्नात सातपैकी एकच गुण होता. तो तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता आणि पुढे फील्ड्स पदकापर्यंत, म्हणजे गणितातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी एकापर्यंत गेला, हे वेगळं.

गुणांचा अंदाज हवा असेल तर २०२४ ला सुवर्णाची रेषा २९ होती, रौप्य २२, कांस्य १६. २०२५ ला हेच ३५, २८ आणि १९. म्हणजे २०२४ ला दोन प्रश्न पूर्ण आणि तिसऱ्यात थोडं जमलं तरी कांस्य पदरात होतं.

गुण कोण देतं? मराठी किंवा हिंदीत लिहिलेला पेपर परदेशी माणूस कसा तपासणार?

प्रत्येक संघाबरोबर एक नेता आणि एक उपनेता असतो. नेत्यांची मिळून जी समिती बनते तीच प्रश्न निवडते, आणि नेतेच आपापल्या भाषेत भाषांतर करतात. त्यांना पेपर आधी माहीत असल्याने दोन्ही पेपर होईपर्यंत मुलांपासून वेगळं ठेवतात. मुलं आपल्या भाषेत उत्तरं लिहितात. नंतर नेता आणि उपनेता ती वाचून यजमान देशाच्या परीक्षकांसमोर बसतात आणि प्रत्येक प्रश्नाच्या गुणांवर चर्चा होते. ‘या ओळीत त्याने हे गृहीत धरलंय’, ‘नाही, दोन ओळी वर सिद्ध केलंय’ अशी एकेका गुणावर घासाघीस चालते. भारताची मुलं इंग्रजीतच लिहितात.

पेपरच्या पहिल्या अर्ध्या तासात प्रश्नाबद्दल शंका असेल तर ती लेखी विचारता येते, आणि उत्तरही लेखीच येतं.

अभ्यासक्रम काय?

बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत (पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचं गणित) आणि संयोजनशास्त्र (मोजणीचं गणित). कलन लागत नाही, त्यामुळे अकरावी-बारावीचं पुस्तक आधीच संपवून टाकण्याचा इथे उपयोग नाही.

आपल्या एसएससी बोर्डाच्या मुलांना भूमितीत चांगला पाया मिळतो, हे त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. दहावीच्या ‘गणित भाग २’ मध्ये चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिकेचे गुणधर्म, जीवांचा अंतर्विभाजनाचा प्रमेय, कोनदुभाजकाचा प्रमेय, अपोलोनियसचा प्रमेय हे सगळं आहे. त्या पुस्तकातले ‘आव्हानात्मक’ म्हणून सोडून दिलेले प्रश्न आधी सोडवा. उणीव आहे ती दुसरीकडे: शेष-अंकगणित, म्हणजे भागाकारातल्या बाकीचं गणित, आणि मोजणीच्या युक्त्या आपल्या पुस्तकांत जवळजवळ नाहीत. कबुतरखान्याचं तत्त्व (खणांपेक्षा कबुतरं जास्त असली तर एका तरी खणात दोन येणारच) आठवीतल्या मुलाला दहा मिनिटांत कळतं, पण ते कुठे वापरायचं हे कळायला वर्ष जातं.

कितवीपासून सुरुवात करावी? आमचा मुलगा पाचवीत आहे.

पाचवीत काहीही ‘सुरू’ करू नका. कोडी, पत्ते, बुद्धिबळ हे भरपूर झालं. सातवीच्या आसपास मूल एखाद्या गणितापाशी अर्धा तास आपणहून बसत असेल, तर आयओक्यूएमचे जुने पेपर दाखवून बघा. बसत नसेल तर बळजबरी नको. स्कॉलरशिप, होमी भाभा बालवैज्ञानिक या परीक्षा चांगल्याच आहेत, पण त्यांत वेग लागतो. इथे एक प्रश्न तासभर न सुटता समोर ठेवायची सवय लागते. स्कॉलरशिपला जिल्ह्यात आलेली काही मुलं पहिल्या महिन्यातच वैतागून सोडतात, आणि वर्गात मागे बसणारं एखादं पोर चिकटून राहतं.

मराठी माध्यमाच्या मुलांना जमेल का?

गणिताच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. अडचण पेपर वाचण्याची असते. प्रश्नपत्रिका मराठीत मिळेल असं धरून चालू नका, आणि नोंदणीच्या वेळी भाषेची सूचना नीट वाचा. सेमी इंग्रजीतल्या मुलांना संज्ञा माहीत असतात. पूर्ण मराठी माध्यमात असाल तर शे-दीडशे शब्दांची वही करा. मूळ संख्या, मसावि, समरूप, बहुपदी यांना इंग्रजीत काय म्हणतात ते तिच्यात लिहून ठेवा. पंधरा दिवसांचं काम आहे. ऑलिंपियाडच्या प्रश्नांचं इंग्रजी छोटं आणि साचेबद्ध असतं, आठ-दहा पेपर वाचले की तोंडपाठ होतं.

जेईईच्या क्लासबरोबर हे झेपेल?

खरं उत्तर ऐकायचं असेल तर, आठवी ते दहावीत झेपतं, अकरावीत ओढाताण होते आणि बारावीत बहुतेकांचं सुटतं. दोन्हींचा पिंड वेगळा आहे. जेईईत दोन-तीन मिनिटांत प्रश्न ओळखून उत्तर काढायचं असतं. इथे ओळखीचा प्रश्न आलाच तर काहीतरी चुकलंय असं समजा. ऑलिंपियाड केलेल्या मुलांना जेईईचं गणित जड जात नाही, पण भौतिक आणि रसायन त्यांना वेगळं करावंच लागतं. दोन्ही क्लासची फी भरून मुलाला सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत जुंपणारे पालक असतात. त्यातून दोन्हीकडे अर्धवट राहिल्याची उदाहरणं जास्त आहेत.

क्लास लावावाच लागतो का?

नाही. आरएमओ, आयएनएमओचे जुने पेपर होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. आयएमओचे १९५९ पासूनचे सगळे प्रश्न तिच्या अधिकृत संकेतस्थळावर आहेत. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये स्थापन केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान बरीच वर्षं ऑलिंपियाडचे वर्ग घेतं. तिथलं वातावरण धंदेवाईक नाही. नाशिक, कोल्हापूर, नांदेडच्या मुलांनी दोन-तीन समानधर्मी मित्र शोधावेत, आठवड्याला चार प्रश्न ठरवावेत आणि रविवारी भेटावं. ‘इतक्या दिवसांत आयएनएमओ’ अशी हमी देणारी जाहिरात दिसली तर पान उलटा.

मुलींसाठी वेगळी स्पर्धा आहे म्हणतात, ती कोणती?

युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड, म्हणजे ईजीएमओ. २०१२ मध्ये केंब्रिजला सुरू झाली. युरोपाबाहेरचे देशही पाहुणे म्हणून येतात, त्यांत भारतही आहे. संघ चौघींचा असतो आणि निवड याच पायऱ्यांवरून पुढे होते. आयएमओची दारं अर्थातच मुलींना पहिल्यापासून खुली आहेत. इराणच्या मरियम मिर्झाखानीने १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन सुवर्णं घेतली, दुसऱ्या वर्षी पूर्ण ४२ गुणांनी, आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. हे मुद्दाम सांगायचं कारण, आठवीत गणितात पुढे असलेल्या मुलींना ‘आता जरा बाकीचंही बघ’ म्हणणारी घरं अजून आहेत.

आम्ही अमेरिकेत असतो. मुलीने कुठून सुरुवात करावी?

जिथे शिकते तिथली चाळणी. अमेरिकेत एएमसी, मग एआयएमई, मग यूएसएएमओ. एआयएमईचे जुने पेपर आपल्या आयओक्यूएमच्या तयारीलाही उत्तम, कारण तिथेही उत्तर संख्येतच असतं. ब्रिटनमध्ये युकेएमटी या गणित संस्थेच्या परीक्षांतून वाट जाते.

एवढं करून फायदा काय?

आयएनएमओतून निवडलेल्यांना चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेशाच्या वेळी सवलत मिळते. आयआयटी मुंबईच्या गणिताच्या पदवीला ऑलिंपियाडच्या वाटेने थोड्या जागा आहेत, आणि आयआयटी कानपूरने २०२५ पासून अशी वाट उघडली आहे. नियम बदलत असतात, त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक बघा. बोर्डात वाढीव गुण वगैरे मिळतील या आशेने येऊ नका.

सुवर्ण नाही मिळालं तर गणितात करिअर नाही, असंही नाही. दिल्लीत जन्मलेला अक्षय व्यंकटेश ऑस्ट्रेलियाकडून १९९४ च्या आयएमओत कांस्यपदक घेऊन परतला. फील्ड्स पदक त्याला २०१८ मध्ये मिळालं.

आता एआयच हे प्रश्न सोडवतं, मग मुलांनी कशाला डोकं लावायचं?

२०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी २८ गुण, म्हणजे रौप्याची पातळी गाठली. २०२५ मध्ये त्यांनी आणि ओपनएआयने प्रत्येकी ३५ गुणांपर्यंत मजल मारली; सहावा प्रश्न दोघांनाही सुटला नाही. कौतुक आहेच. पण आयएमओच्या सभागृहात मुलापाशी कागद, पेन, पट्टी आणि कंपासच असतो, आणि तिथे बसणारी मुलं उत्तर कुणीतरी द्यावं म्हणून बसलेली नसतात. खरा धोका तयारीच्या वेळी आहे. दहा मिनिटांत सुटलं नाही की मोबाइलला विचारायचं, ही सवय लागली तर सराव कितीही केला तरी वाया. निदान एक दिवस प्रश्न डोक्यात राहू द्यावा, मग हवं तर विचारा.

संघात निवड नाही झाली तर दुसऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा आहेत का?

आहेत. रशियाच्या शारिगिन भूमिती ऑलिंपियाडची पहिली फेरी घरबसल्या असते, प्रश्न सोडवून पाठवायचे. इराणची भूमिती ऑलिंपियाड २०१४ पासून होते. भूमिती आवडणाऱ्याला या दोन्ही पर्वणी आहेत.

आरएमओच्या पेपरला काय घेऊन जावं?

दोन पेनं, पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कंपास, हॉल तिकीट, ओळखपत्र, पाण्याची बाटली. कॅल्क्युलेटर चालत नाही, आणि कोनमापकही चालत नाही, त्यामुळे कंपासपेटी तशीच उचलून नेण्याआधी तो आठवणीने काढून ठेवा. भूमितीची आकृती मोठी आणि कंपासने काढा, हाताने नको. गचाळ आकृतीत तीन बिंदू एका रेषेत आहेत असं वाटतं आणि मूल ते खरं धरून पुढे जातं.